कोळशाला आंघोळीची गोळी

विदर्भातल्या खाणींतून नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्राकडे कोळशाची रेक सुटते, तेव्हा तिला ५८-५९ वाघिणी असतात आणि पोटात जवळपास ४,००० टन माल. आपल्याकडे वीजनिर्मितीसाठी जाणाऱ्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३५ ते ४५ टक्के. मधला ४० चा आकडा धरा. म्हणजे त्या गाडीतला १,६०० टन माल जन्मात जळणार नाही. तरी त्याचं रेल्वेभाडं भरायचं, तो कोल मिलमध्ये दळायचा, बॉयलरमधून फिरवून आणायचा आणि शेवटी राखेच्या बंधाऱ्यात नेऊन ओतायचा. थोडक्यात, तेवीसेक वाघिणी दगडमाती फुकटचा प्रवास करून येते.

हा दगड खाणीच्या तोंडाशीच काढून टाकला तर? काढतातही, वॉशरीत. भारतातली पहिली वॉशरी टाटांनी १९५१ साली वेस्ट बोकारोला उभारली, पुढच्याच वर्षी जामाडोबाची आली. वणी-घुग्घुस पट्ट्यात तर ‘वॉशरी’ हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पण वॉशरी म्हटली की पाणी आलं आणि पाणी आलं की कोळशाचा बारीक चुरा रडवायला लागतो. म्हणून गेली शंभर वर्षं जगातली काही चिकाटीची मंडळी एकाच नादाला लागली आहेत: कोळशाला आंघोळ न घालता चकचकीत करायचं. खालून हवा फुंकायची, वरून हादरे द्यायचे. ऐकायला सोपं, करायला महाखट्याळ.

घासून निघत नाही ते

कोळशातला दगड अंगाला लागलेल्या चिखलासारखा नसतो. तो कोळशाच्या थरांच्या मधोमध, कधी सुईएवढ्या पट्ट्यांनी, बसलेला असतो. म्हणून आधी फोडायचं, मग वजनावरून वेगळं करायचं. चांगल्या कोळशाची घनता पाण्याच्या १.२ ते १.४ पट, शेलसारख्या दगडाची दोन ते अडीच पट, गारगोटीची २.६५ पट. गंधक बाळगून असलेलं पायराइट तर पाण्याच्या पाचपट जड.

यातली गंमत अशी, की साध्या पाण्यात कोळसाही बुडतो आणि दगडही. मग वॉशरीवाले काय करतात? पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची भुकटी कालवून पाणीच जड करतात. घनता १.५ च्या आसपास आणली की कोळसा वर, दगड तळाशी. म्हणजे पाण्याचं काम मळ काढण्याचं नाहीच, तरंगवण्याचं आहे. तेच काम दुसऱ्या कशाने होत असेल, तर पाणी हवंय कुणाला?

चुऱ्याचा चिवटपणा

दहा सेंटिमीटरचा एक ठोकळा घ्या. त्याचं एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एकेक मिलिमीटरचे दहा लाख तुकडे करा. कोळसा तेवढाच, पण पृष्ठफळ शंभरपट, सहा चौरस मीटर. पाणी पृष्ठभागाला धरून राहतं, त्यामुळे चुरा भिजला की भिजलाच. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कोळसा पाण्यातून काढून व्हॅक्यूम फिल्टरवर पिळून घेतला तरी त्या लगद्यात २०-२५ टक्के पाणी शिल्लक राहतं.

एक टन लगद्यात २५ टक्के पाणी म्हणजे २५० किलो. ते तापवून वाफ करायला सुमारे ६४० मेगाज्यूल उष्णता जाते, म्हणजे बऱ्यापैकी कोळसा असेल तर तीसेक किलो. ही चैन तरी परवडेल, पण पाव टन पाण्याचं रेल्वेभाडं कोण देणार? आणि थंड मुलुखात तर हा लगदा वाघिणीतच गोठतो, तो खाली उतरवायला आधी वितळवावा लागतो.

राहिलेल्या गढूळ पाण्याची कथा आणखी वाईट. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, बफेलो क्रीक खोऱ्यात, २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी कोळसा धुतल्यानंतरच्या गाळाला आणि पाण्याला अडवणारा बंधारा फुटला. १२५ माणसं गेली, चार हजारांवर बेघर झाली. या विषयातली सगळी आकडेमोड गमतीची नाही, एवढ्यासाठी हे इथे लिहिलं.

आजीचं सूप पेटंटच्या आधीचं

हवा आणि हादरा ही जोडी आपल्याला नवी नाही. खळ्यावर उफणताना वारा देवाचा असतो, पण सुपात पाखडताना तो मनगटातून काढावा लागतो. दाणे उडवले की फोल पुढे जातं. मग सूप हलक्या हाताने घोळलं की दाणे एकीकडे, खडे दुसरीकडे. यंत्रात हेच दोन्ही हात आहेत. फरक इतकाच, की तिथे कोळसा उडवून लावायचा नसतो, दगडाच्या डोक्यावर आणून ठेवायचा असतो.

वाळूत पोहणारा इंजिनिअर

मार्क रोबर हा नासाचा माजी इंजिनिअर. त्याने २०१७ मध्ये एका मोठ्या टबात वाळू भरली, खालून नळ्यांमधून हवा सोडली आणि त्या वाळूत चक्क डुंबला. हवा बंद केली की वाळू घट्ट, सुरू केली की पातळ. व्हिडिओ कोट्यवधींनी पाहिला.

त्यामागचं तत्त्व असं: भुकटीच्या थरातून खालून हवा सोडली आणि वेग वाढवत नेला, तर एका टप्प्यावर हवेचा रेटा कणांच्या वजनाएवढा होतो. कण एकमेकांवर रेलायचे थांबतात. मग तो थर द्रवाचे सगळे नखरे करतो. पृष्ठभाग सपाट करून घेतो, भोक दिसलं की वाहतो, हलकी वस्तू तरंगवतो, जड वस्तू गिळतो. आर्किमिडीजचा नियमही निमूटपणे पाळतो. याला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. जर्मनीच्या फ्रिट्झ विंकलरने १९२२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १९२६ मध्ये लॉयना इथे त्यावर चालणारं पहिलं मोठं गॅसयंत्र सुरू झालं. त्यातही कोळशाचाच चुरा होता, पण जाळून गॅस करायला.

त्याच सुमारास अमेरिकेत टॉमस फ्रेझर आणि एच. एफ. यान्सी यांना वेगळंच सुचलं. हवेवर खेळती केलेली वाळू घ्यायची आणि तिच्यात कोळसा टाकायचा. कोळसा वर, दगड खाली, पाण्याचा थेंब नाही. १९२६ मध्ये त्यांनी ही ‘हवा-वाळू’ पद्धत छापून मांडली. कल्पना बिनतोड होती, तरी तिला मोठा कारखाना मिळायला पुढची जवळपास सत्तर वर्षं जावी लागली.

मधल्या काळात कोरड्या सफाईचा धंदा बंद नव्हता. हवेची टेबलं आणि हवेचे जिग वापरून अमेरिकेत १९६५ मध्ये सुमारे अडीच कोटी टन कोळसा कोरडाच साफ झाला. मग उतरण लागली. १९६९ च्या खाण सुरक्षा कायद्यानंतर धूळ बसवण्यासाठी खाणीतच पाण्याचे फवारे वाढले आणि कोळसा ओलेता होऊन वर यायला लागला. कामगारांच्या फुप्फुसांसाठी ते हवंच होतं. पण कोरडी यंत्रं बसली हात चोळत.

चिनी मॅग्नेटाइट

वाळूऐवजी मॅग्नेटाइटची भुकटी वापरून हा गाडा खऱ्या अर्थाने पुढे ढकलला तो चीनच्या श्यूझो शहरातल्या खाणकाम विद्यापीठातल्या छन छिंगरू आणि त्यांच्या चमूने. १९९४ मध्ये ईशान्येकडच्या हेइलोंगजियांग प्रांतात, चिथाइहे इथे, ताशी ५० टनांचा कारखाना उभा राहिला. हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जाणारा हा मुलूख. तिथे पाण्याने कोळसा धुणं म्हणजे बर्फाचा कारखाना काढणं. शिवाय चीनचा बराचसा कोळसा शिनजियांग, आतला मंगोलिया अशा कोरड्या पश्चिम-उत्तर पट्ट्यात आहे. तिथे पाणी प्यायला पुरलं तरी खूप.

मॅग्नेटाइटची निवड हुशारीची. त्याची स्वतःची घनता पाण्याच्या पाचपटीहून थोडी जास्त, पण हवेवर सुटं केलेलं ते दोनच्या आसपास येतं. त्यात कोळशाचीच पूड मिसळत गेलं की घनता हवी तशी उतरते, १.३ पासून २.२ पर्यंत. काम झालं की चाळणीवर झटकायचं आणि उरलेलं चुंबकाने ओढून घ्यायचं. सगळं परत कामावर.

यंत्रापाशी उभं राहिलं तर दिसतं ते असं: लांबट पेटी, तळाला बारीक भोकांची जाळी, तिच्यावर करड्या-काळ्या भुकटीचा थर. एका बाजूने कोळसा पडतो. वरच्या अंगाला फिरणारी पट्ट्यांची साखळी तरंगता कोळसा एका टोकाला ओढते, तळातली साखळी दगड दुसऱ्या टोकाला. आत पाती-पंखे काही नाहीत. निवडायचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं.

बुडबुड्यांचा जाच

चिथाइहेचं यंत्र ५० ते ६ मिलिमीटरच्या तुकड्यांसाठी झकास होतं. ६ मिलिमीटरच्या खाली गाडी अडली. आणि यंत्रांनी खोदायला लागल्यापासून चुऱ्याचं प्रमाण वाढतच चाललेलं. म्हणजे ज्याची गरज जास्त, तेच जमेना.

गुन्हेगार निघाले बुडबुडे. थर मोकळा व्हायला लागते त्याहून जास्त हवा दिली, की वरची सगळी हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर धावते. प्रत्येक बुडबुडा जाताना आपल्या पाठीशी खालची भुकटी ओढून नेतो आणि फुटला की वरची भुकटी खाली ढासळते. मुठीएवढ्या ढेकळाला त्याचं काही वाटत नाही. दोन मिलिमीटरच्या दाण्याचे मात्र हाल कुत्रं खात नाही. तो निवांत बुडत किंवा तरंगत असतो तोच बुडबुडा येतो आणि त्याला आधीच्या मजल्यावर पोहोचवतो. खाली जाणाऱ्या दगडाला वर आणि वर येणाऱ्या कोळशाला खाली, नुसता घोळ.

कुठली भुकटी किती त्रास देणार, हे ब्रिटनच्या डेरेक गेल्डार्टने १९७३ मध्ये चार गटांत वाटून दिलं. क गट म्हणजे हवा दिली की उठायच्याऐवजी चिरा पडणारी चिकट पूड. ब गट वाळूसारखा, थर मोकळा झाला त्या क्षणापासूनच बुडबुडे काढणारा. कोळशाच्या कामाची मॅग्नेटाइट पूड बहुतेक या दुसऱ्या गटात किंवा त्याच्या काठावर पडते. नशीबच असलं!

उपाय: हादरे. पेटीला असंतुलित वजनांच्या मोटरी जोडायच्या आणि ती सेकंदाला वीसेक वेळा वरखाली हलवायची. मध्यापासून २ मिलिमीटर वर, २ मिलिमीटर खाली. एवढीशी हालचाल, पण गणित मांडून पाहा: ही हालचाल गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट प्रवेग देते. (१ मिलिमीटरवर समाधान मानलं, तर सेकंदाला सोळा हादऱ्यांना गुरुत्वाकर्षणाशी बरोबरी होते.) याचा फायदा चहूबाजूंनी. मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. थरात पडणाऱ्या चिरा आणि पळवाटा मिटतात. कमी हवेतही थर मोकळा राहतो. आणि खालीवर घनता सारखी झाली, की दोन-तीन मिलिमीटरचा दाणाही आपल्या वजनाला जागतो. श्यूझोच्याच प्रयोगशाळेत ६ मिलिमीटरच्या खालचा कोळसा अशा हलत्या थरात वेगळा करायचे प्रयोग जोमाने झाले. काही प्रयोगांत तर बाहेरचं मॅग्नेटाइट घातलंच नाही. कोळशाच्याच दाण्यांचा थर, हवा आणि हादरा.

पण हादरा वाढवत गेलं, की एका मर्यादेनंतर तोच थर पुन्हा ढवळून काढतो. हवेचा वेग, हादऱ्यांची संख्या, उंची, थराची जाडी आणि दाण्याचा आकार या पाचांचं एकमत होतं ती जागा अरुंद आहे. या विषयातली बरीच संशोधनं म्हणजे ती जागा पुन्हा पुन्हा शोधणं. माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे, यंत्राच्या पेटीत नाही.

या यंत्राचं एक चुलत भावंड महाराष्ट्रात ठायी ठायी आहे. साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगलमधून निघालेली दमट साखर ज्या थडथडत्या लांब ताटावरून पुढे उड्या मारत जाते, तो ग्रासहॉपर. खालून गरम, मग गार हवा, सोबत हादरे. तिथे मात्र काम सुकवण्याचं.

फॅरेडे इथेही

मायकेल फॅरेडे १८३१ मध्ये विजेच्या प्रवर्तनाचा शोध लावण्याच्या आधी काही महिने थरथरत्या पत्र्यांवरच्या पुडीकडे बघत बसला होता. क्लाडनी या जर्मन संशोधकाने दाखवलं होतं, की कंपणाऱ्या पत्र्यावर वाळू स्थिर रेषांवर जमते. मग लायकोपोडियमसारखी हलकी पूड उलट सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी का जमते? फॅरेडेने पत्रा निर्वातात नेला. हवा गेली आणि हलकी पूडही शहाण्यासारखी वाळूच्या रांगेत जाऊन बसली. म्हणजे करामत हवेची. हादरा आणि हवा एकमेकांशी काय बोलतात याची ही पहिली नोंद म्हणायला हरकत नाही.

मोठा दाणा वर का?

वेगवेगळ्या आकाराच्या दाण्यांचा डबा हलवला की मोठे दाणे वर येतात. शास्त्रज्ञांनी सुक्यामेव्याच्या डब्यावरून याला ‘ब्राझील नट परिणाम’ असं नाव दिलं आणि १९८७ मध्ये संगणकावर तो घडवून दाखवला. २००१ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की मोठा दाणा वर यायला किती वेळ घेतो हे त्याच्या घनतेवर अवलंबून आहे आणि यातही हवेचा हात आहे.

कोळशाच्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. त्याला वजनाने वेगळं करायचंय, आकाराने नाही. मोठा दगड वर आला तर सगळं मुसळ केरात. म्हणून चुरा आधी चाळून आकाराचे गट करावे लागतात, आणि एका वेळी एकच गट आत.

परीक्षेचा निकाल

यंत्र किती चुका करतं हे मोजायची रीत डच इंजिनिअर ट्रॉम्पने १९३७ मध्ये घालून दिली. नेमक्या सीमेवरच्या घनतेचा दाणा अर्ध्या वेळा वर, अर्ध्या वेळा खाली जाणारच. प्रश्न इतकाच, की तिच्यापासून किती दूर गेल्यावर चुका थांबतात. आकडा लहान तितकं यंत्र चोख. पाण्यातलं जड माध्यमाचं सायक्लोन ०.०३ च्या आसपास खेळतं. हादरता हवेचा थर चांगल्या हातात ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान. हवेचं साधं टेबल ०.२ च्या आसपास.

आता आपला कोळसा. तो गोंडवनातला, नद्यांनी वाहून आणलेल्या पालापाचोळ्याचा, त्यामुळे माती त्याच्या रक्तातच. सीमेच्या आसपासच्या घनतेचे दाणे इतके, की कमी राखेचा कोळसा काढायला गेलं तर थोड्या चुकीलाही मोठा दंड. पण सीमा वर, १.८ च्या पलीकडे नेली आणि फक्त उघड दगड काढायचं ठरवलं, तर तिथे गर्दी कमी आणि कोरडं यंत्र मजेत चालतं. भारतासाठी मला त्याचं खरं काम हेच दिसतं. कायद्याचा रेटा मात्र उरलेला नाही. हजार किलोमीटरच्या पलीकडे जाणाऱ्या कोळशात ३४ टक्क्यांहून कमी राख हवी, हा १९९७ च्या अधिसूचनेतून आलेला नियम २०१४ मध्ये ५०० किलोमीटरवर आणला गेला आणि मे २०२० मध्ये काढून टाकण्यात आला.

दोन वैरी: धूळ आणि आषाढ

पाणी नाही म्हणजे धूळ आहे. हवेत घनमीटरला ५०-६० ग्रॅम कोळशाची बारीक धूळ तरंगत असेल तर ठिणगी पुरते. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरिएर इथल्या खाणींत धूळ पेटली आणि १,०९९ जण गेले. म्हणून कोरड्या यंत्राशेजारी सायक्लोन, कापडी फिल्टर, शोषणाऱ्या पंख्यांचा पसारा उभा करावाच लागतो, आणि बऱ्याचदा तो पसारा मूळ यंत्राहून मोठा दिसतो.

दुसरा वैरी ओल. पृष्ठभागावर चार-पाच टक्के ओल आली, की चुरा गोळा होतो, जाळीची भोकं बुजतात, हवा वाट काढून एका बाजूने पळते आणि सुंदर द्रव पुन्हा ढीग होऊन बसतो. जून ते सप्टेंबर विदर्भातल्या उघड्या खाणींतून निघणारा कोळसा आठवा. दर पावसाळ्यात ‘ओला कोळसा, वीजनिर्मिती घटली’ अशी बातमी ठरलेली. चंद्रपूरला कोरडी सफाई आणायची तर आधी ताडपत्री, शेड आणि सुकवणी यांचा हिशेब मांडायला हवा. शिनजियांगचा नमुना जसाच्या तसा इथे उतरणार नाही.

आणि बटाटे

या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत गोड पिल्लू इस्रायलमध्ये जन्मलं. बटाटे यंत्राने काढले की सोबत मातीची ढेकळं आणि दगड येतात, रंगाने-आकाराने थेट बटाट्याची जुळी भावंडं. तिथल्या कृषी अभियंत्यांनी १९८३ मध्ये वाळूचा हवेवरचा थर केला आणि सगळी रास त्यात ओतली. बटाट्याची घनता पाण्याहून थोडीच जास्त, १.०५ ते १.१. ढेकूळ आणि दगड त्याहून कितीतरी जड. बटाटे वर तरंगत पुढे निघाले, ढेकळं तळाला. आणि एकही बटाटा भिजला नाही, हे साठवणुकीच्या दृष्टीने सोन्याहून पिवळं.